प्रतिसाद: विस्कोंती घराण्याचा उदय
मिलानच्या विस्कोंतींची सत्ता १३९५ च्या ड्यूकपदापासून मोजावी, असे वर म्हटले आहे; मला ते पटत नाही. पोपने १२६२ मध्ये मिलानचा आर्चबिशप (मुख्य धर्मगुरू) नेमलेल्या ओत्तोने विस्कोंतीला, तेव्हा शहरावर सत्ता असलेल्या देल्ला तोर्रे घराण्याने अनेक वर्षे शहरात पाऊलही टाकू दिले नाही, आणि १२७७ मध्ये देसिओच्या लढाईत त्यांचा पराभव केल्यावरच मिलान त्याच्या हाती आले. स्वतः धर्मगुरू असल्याने त्याने पुतण्याचा मुलगा मात्तेओ याला पुढे आणले, आणि पुढचा वंश त्याचाच. याच वंशातल्या जान गालेआत्सोने जर्मन राजा वेन्त्सेल (सम्राट म्हणून त्याचा राज्याभिषेक कधीच झाला नाही) याच्याकडून मिळवलेला ड्यूकचा किताब म्हणजे हाती असलेल्या सत्तेवरची मोहोर, तीही रोख पैसे मोजून! पुरुष वंश १४४७ मध्ये खुंटला. मात्र शेवटचा विस्कोंती ड्यूक फिलिप्पो मारिया याची मुलगी ब्यांका मारिया हिच्या फ्रांचेस्को स्फोर्त्साशी झालेल्या विवाहामुळे स्फोर्त्सा घराण्याच्या मिलानवरील दाव्याला आधार मिळाला.