एवढं दुःख असताना ख्रिस्ती लोक आशा कशी धरतात? (पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने)

नगरकर:
उपासनेनंतर आमच्या तरुण संघात एका पोराने विचारलं, युद्धं, दुष्काळ, लहान लेकरांना कॅन्सर, हे सगळं बघून तुम्ही आशा कसली धरता? त्याला उत्तर मिळालं "देवाची योजना असते", आणि मला ते अजिबात पटलं नाही. ज्याच्या घरात लेकरू गेलंय त्याला योजना काय सांगता? मला तरी रमाबाई आठवतात. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली, झाडपाला आणि रानातली फळं खाऊन दिवस काढले, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला कॉलऱ्याने नवरा, पदरात तान्ही लेक मनोरमा. १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्या. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा हीच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी गोळा करून केडगावला घेऊन आली. जिने ती भूक भोगली होती ती परत भुकेच्या मुलखात गेली. आशा म्हणतात ती मला इथे दिसते.

रोखठोक_सोलापूर:
बाईंबद्दल आदर आहेच, पण ताकद त्यांची होती, श्रेय देवाला कशाला? सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता गेल्या, त्यांना कुठे बाप्तिस्मा लागला? आणि दुसरं, उपाशी पोरीला भाकरी देणाऱ्यानेच धर्मही पुढे केला तर ती नाही कशी म्हणणार? मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून रमाबाईंच्या शाळेवरून, शारदा सदनवरून, १८९३ ला पुण्यात रान उठलं ते उगाच नाही.

दौंडची_पणती:
माझी पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुक्तीत, म्हणजे रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात आली. घरातलं कोणीच वाचलं नव्हतं. तिथे छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला शिकली, म्हातारपणीसुद्धा अक्षर उलटं धरून सरळ वाचायची. तिला कोणी जबरदस्ती केली असं तिच्या तोंडून घरात कोणी ऐकलं नाही. पण दादा, तुमचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणणार नाही, दहा वर्षांच्या पोरीची निवड ती काय असणार. फक्त एवढंच म्हणते की तिचा विश्वास पुढे सत्तर वर्षं टिकला, दोन लेकरं पुरल्यावर पण टिकला, तो काय भाकरीपुरता होता का?

मिरजेची_सिस्टर:
मी स्वतः ख्रिस्ती आहे, पण मला भीती वेगळीच वाटते. आपल्याकडे आता आत्मिक संजीवन, म्हणजे विश्वासाला नव्याने जाग येणं, त्याचा अर्थ झालाय मंडप, स्पीकर, आणि "आजार गेला, हालेलूया". आमच्या वॉर्डात एक बाई आली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली म्हणून घरच्यांनी टीबीच्या गोळ्याच बंद केल्या होत्या, आली तेव्हा रक्त पडत होतं आणि नवरा मलाच विचारतोय की सिस्टर, आमचा विश्वास कमी पडला का? सांगा, ही आशा आहे का? हा त्या माणसावर केलेला अन्याय आहे. लोक १९०५ च्या मुक्तीतल्या संजीवनाचे दाखले देतात, रात्ररात्र प्रार्थना, रडणं, पण तेवढंच उचलतात.

नगरकर:
सिस्टर, शंभर टक्के. पण त्याच १९०५ नंतर मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत गेल्या हेही सांगायला हवं, आणि मुक्तीत शेती, विणकाम, आंधळ्या मुलींचं शिक्षण हे सगळं चालूच होतं. त्या नवऱ्याला कोणीतरी बायबलातलं स्तोत्र २२ वाचून दाखवायला हवं होतं. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" येशू वधस्तंभावर हेच ओरडला, त्याचा विश्वास कमी पडला होता का? आमच्या धर्मात रडायला, देवाशी भांडायला जागा आहे, सभांमध्ये तीच जागा बंद करून टाकतात याचा मला राग येतो.
रोखठोक भाऊ, सावित्रीबाईंचं मोठेपण मला पूर्ण मान्य. देव फक्त ख्रिस्ती माणसातूनच काम करतो असं मी मानत नाही. पण रमाबाई स्वतः श्रेय कुणाला देत होत्या ते त्यांच्या तोंडचं काढून घेऊ नका. १९२१ ला मनोरमा पण गेली, एकुलती एक, मुक्तीचं काम तीच पुढे नेणार होती. त्यानंतरही बाई मराठी बायबलच्या भाषांतराला बसल्याच, ते संपवूनच एप्रिल १९२२ ला गेल्या.

रोखठोक_सोलापूर:
मनोरमेबद्दल वाचून गप्प झालो हे खरं. श्रेयाचं सोडा, ते ज्याचं त्याने ठरवावं. पोरींच्या निवडीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही, आजही जिथे जिथे धर्माच्या नावाने अन्न वाटतात तिथे विचारणार, मग देणारा कुठल्याही धर्माचा असो. आणि सिस्टर, त्या बाईच्या गोळ्या परत सुरू झाल्या का?

मिरजेची_सिस्टर:
झाल्या. कोर्स पूर्ण होईपर्यंत दर आठवड्याला फोन करायचे. प्रार्थनाही करत होते, तिच्या नवऱ्याबरोबरच.