जिऑलॉजी + इतिहास + जात्यावरच्या ओव्या: अशी स्वतःची डिग्री बांधता येते का?

माणदेशी_पोरगं
नमस्कार मंडळी, पुण्यात बीएस्सी जिऑलॉजी करतोय, फर्स्ट इयर संपलं, आता मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, निवडायचाय. गाव माण तालुक्यात. मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांच्या खडकाला पाणी लागतं आणि काळ्या पाषाणाला लागत नाही हे आजोबा सांगायचे, कॉलेजात आल्यावर बेसॉल्टचे थर शिकलो तेव्हा कळलं की म्हातारा बरोबर होता. पण इथे नुसता दगडच शिकवतात. विहिरीत कुणाचा किती हिस्सा, पाण्याची पाळी कशी ठरायची, आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती ते सगळं, आणि तिच्या ओव्यांतलं पाणी, हे मला एकत्र शिकायचंय. विषय माझ्या लेखी एकच आहे पण डिपार्टमेंट तीन-चार. नवीन एनईपीत (राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात) काही जमतं का?

खडूफळा
मी कॉलेजात शिकवतो. पूर्ण मोकळी डिग्री आपल्याकडे नाही. तीन वर्षांचे १२० ते १३२ क्रेडिट, त्यातले निम्मे तरी मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, तुझ्या बाबतीत जिऑलॉजीच. मायनर १८-२० क्रेडिटचं, ते दुसऱ्या फॅकल्टीतलं घेता येतं असं राज्याचा २०२३ चा जीआर सांगतो, तेव्हा इतिहास टाक. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे सुटा ऐच्छिक विषय, तर मेजरच्या फॅकल्टीबाहेरचंच घ्यायचं असतं, फक्त प्रत्यक्षात ज्या सरांचा वर्कलोड कमी पडतो त्यांचा विषय पोरांच्या गळ्यात पडतो, कुणी कबूल करणार नाही पण असंच आहे. स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवरून काही घेणार असशील तर आधी कॉलेजची मान्यता लेखी घे, कोर्स झाल्यावर मागायला गेलास तर हेलपाटे. आणि खरी जागा म्हणजे फील्ड प्रोजेक्ट. तो स्वतःच्या गावात कर, तिथे तुझे चारही विषय एका विहिरीत उतरतील.

जर्सीची_मावशी
इथे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गॅलाटिन म्हणून स्कूल आहे, १९७२ पासून, मुलं आपला विषय स्वतः बांधतात. माझी भाची तिथली. लांबून मज्जा वाटते पण मध्यावर तिला आपण काय शिकतोय आणि का, हे लिहून द्यावं लागलं आणि शेवटी वीस-पंचवीस पुस्तकांची यादी, त्यावर तीन प्राध्यापकांसमोर तोंडी परीक्षा. यादीपायी घरात रडारड, कारण दर आठवड्याला हिला नवीन काहीतरी आवडायचं आणि जुनं काही सुटायचं नाही. तू पण आत्ताच एक पान लिही बाळा. नुसतं "पाणी" नको, पाणी हा काय प्रश्न झाला? "आमच्या गावात ७२ नंतर विहिरी किती परस खाली गेल्या आणि त्याबरोबर पाळ्या कशा बदलल्या" असं काहीतरी. मग कुठला कोर्स घ्यायचा ते ते पानच सांगेल.

रोखठोक_७१
सगळं छान, पण पोटाचं बघा. राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, यूपीएससीच्या जिओसायंटिस्ट परीक्षेला मात्र जिऑलॉजीतली मास्टर्स लागते. मेजरला धक्का लावू नकोस, एमएस्सीचं दार बंद होईल.

ओवीवेडी
ओव्यांचं: हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्यात, 'पारी' या ग्रामीण भारताच्या पत्रकारितेच्या साइटवर त्यातल्या बऱ्याच ऐकायला मिळतात. त्याआधी आजीचा आवाज रेकॉर्ड कर. आज रात्रीच.

माणदेशी_पोरगं
थँक्यू सगळ्यांना. आजीला फोन केला तर म्हणते जात्याशिवाय ओवी आठवत नाही, जातं माळ्यावर आहे, रविवारी जाऊन खाली काढतो. मावशी, पान लिहिलं, चार वेळा खोडलं. इतिहासाच्या मॅडम मायनरला हो म्हणाल्या पण त्यांचा मंगळवारचा तास आणि आमचं प्रॅक्टिकल एकाच वेळी आहे, खडूफळा सर, यावर काही उपाय?

खडूफळा
प्रॅक्टिकलची बॅच बदलून माग. अर्ज एचओडींच्या नावाने, आणि पोचवर सही घ्यायला विसरू नकोस.