ख्रिस्ती लोक आपला विश्वास इतरांना का सांगत असतात?

चौकस:
माझी एक सहकारी ख्रिस्ती आहे. कामात चोख, बोलायला मोकळी. माझे वडील आजारी असताना तिनं विचारलं, "तुझ्या बाबांसाठी प्रार्थना केली तर चालेल का?" मी हो म्हटलं. नंतर तिनं येशूबद्दल थोडंफार सांगितलं. बळजबरी अजिबात नव्हती, तरी मी अवघडलो. श्रद्धा ज्याची त्याची, असं मानणारा मी. मग या लोकांना सांगावंसं का वाटतं? संख्या वाढावी म्हणून? की सांगितलं की पुण्य लागतं? वाद नकोय, मनापासून विचारतोय.

रानवारा:
येशूची आज्ञाच आहे ती. बायबलमध्ये मत्तय 28:19, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. बाकी जाणकार सांगतीलच.

मार्था:
मी ख्रिस्ती आहे, पेशानं नर्स. रानवारा म्हणतात ते खरंच आहे, पण नुसत्या आज्ञेपायी कुणी आयुष्यभर बोलत राहत नाही.

आधी पुण्याचं. आमच्याकडे तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं मिळतं, कर्मानं नाही (इफिसकरांस 2:8-9). मी शंभर जणांना सांगितलं काय किंवा कुणालाच नाही काय, माझ्या खात्यात काही जमा होत नाही. संख्येचं म्हणाल, तर पहिल्या काळातला प्रचारक पौल यानं स्वतःबद्दल आणि अपुल्लोस या सहकाऱ्याबद्दल लिहूनच ठेवलंय: मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, वाढवलं मात्र देवानं.

आता खरं कारण. आमचा विश्वास एका घडलेल्या गोष्टीवर उभा आहे. येशू वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. डोळे मिटून कितीही चिंतन केलं तरी ही गोष्ट आतून उमगणारी नाही, ती कुणीतरी सांगावीच लागते. माझ्यापर्यंतही ती अशीच आली. स्तेफन या पहिल्या काळातल्या विश्वासणाऱ्याला दगडमार करून मारल्यावर यरुशलेमेतले विश्वासणारे पांगले, प्रेषित, म्हणजे येशूनं नेमलेले शिष्य, तेवढे मागे राहिले. पांगलेल्यांपैकी काही जण अंत्युखिया शहरात पोचले आणि तिथल्या ग्रीक लोकांशी बोलले. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचा, त्यांची नावंसुद्धा दिलेली नाहीत. घरदार सुटलेली साधी माणसं होती ती. त्यांनी श्रद्धा खाजगी ठेवली असती, तर माझ्यासारखीला येशू कळलाच नसता. मग मी गप्प कशी बसू?

पण कुठे बोलायचं आणि कुठे नाही, यालाही मी तितकंच जपते. ड्युटीवर मी हा विषय कधीच काढत नाही. सलाइन लावलेला पेशंट उठून जाऊ शकत नाही, आणि सुई माझ्या हातात असते. अशा माणसाला सुवार्ता सांगणं म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणं. कुणी आपणहून विचारलं, तर ड्युटी संपल्यावर खुर्ची ओढून बसते आणि विचारलं तेवढंच सांगते. येशूचा शिष्य पेत्र यानं घातलेली अट तीच आहे: कारण विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेनं आणि आदरानं. 2011 मध्ये व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून एक निवेदन काढलं. गरिबीचा, गरजेचा फायदा घेणं आणि आमिष दाखवणं यांना ख्रिस्ती साक्षीत जागा नाही, असं त्यात स्पष्ट आहे.

तटस्थ:
मार्थाताई, हे ठीक. पण आठव्या शतकात युरोपातल्या शार्लमेन राजानं जिंकलेल्या सॅक्सन लोकांना बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) की मृत्यू असा कायदाच लावला होता, त्याचं काय?

मार्था:
लावला होता, आणि ते पाप होतं. त्याला दुसरा शब्द नाही. त्याच्याच दरबारातल्या अल्क्विन या विद्वानानं तेव्हा पत्रांतून बजावलं होतं की माणसाला बाप्तिस्म्यापर्यंत ढकलत नेता येतं, विश्वासापर्यंत नाही. मी अल्क्विनच्या बाजूची. दबावाखाली दिलेला होकार देवाला काय कामाचा?

अवांतर: योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोन प्रांतातली बाई विहिरीवर येशूशी बोलल्यावर घागर तिथेच टाकून गावात जाते आणि म्हणते, चला, येऊन पाहा. पुढे गावकरी तिला सांगतात की आता तुझ्या बोलण्यावरून नव्हे, आम्ही स्वतः ऐकलंय म्हणून विश्वास धरतो. साक्ष देणाऱ्याचं काम इतकंच. ऐकणारा आणि देव यांच्यामध्ये त्यानं उभं राहायचं नाही.

चौकस:
खूप आभार. आणि मी तिला "हा विषय नको" म्हटलं तर? दुखावेल का ती?

मार्था:
सरळ सांगा. एक श्रीमंत तरुण येशूचं ऐकून खिन्न होऊन निघून गेला. शुभवर्तमानात मार्क लिहितो की येशूनं त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, पण तो जायला निघाल्यावर त्याला अडवलं नाही. तुमच्या मैत्रिणीला थोडं वाईट वाटेलही, कारण तिला जे सगळ्यांत मोलाचं वाटतं तेच तिनं तुमच्यापुढे ठेवलं होतं. पण नकारानंतर तिची मैत्री पातळ झाली, तर चूक तिची, तुमची नव्हे. बाबा कसे आहेत आता?

चौकस:
बरे आहेत. उद्या बोलतो तिच्याशी.