मदत हवी आहे: चांगल्या भाषेतल्या 'कोझी' रहस्यकादंबऱ्या

आईसाठी (वय ७२) इंग्रजी कोझी रहस्यकादंबऱ्या शोधतेय. छोटं गाव, हौशी शोधक, खून पडद्याआड. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्या (पहिली १९३० ची) वाचून झाल्यात. रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) तिला फार आवडली, त्यातली म्हातारी माणसं अगदी खरी वाटतात.

मग बेकरी, मांजर, लोकरीचं दुकान अशा तीन मालिका आणल्या. भाषा सपाट, आणि शेवटी गुन्हेगार आपणहून सगळं कबूल करतो! वाचकाला धागेदोरे आधी मिळालेच नाहीत तर कोडं कसलं? मला ती फसवणूकच वाटते.

छापील पुस्तकच हवं, टाइप बारीक नको. मराठी अनुवादही चालेल. रहस्य आणि गद्य दोन्ही कसदार असलेली कोणती मालिका आहे, आणि तिचं कोणतं पुस्तक आधी घ्यावं?