रावेन्नाचे मोझेक : आईची मान धरते, आठातलं काय बघावं?

चकलीवाली : नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आईला घेऊन इटलीला चाललेय, मुक्काम बोलोन्यात, त्यातला एक दिवस रावेन्नासाठी काढलाय, तिथली मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं, बघायला. आई सत्तरीची आहे, स्पॉन्डिलायटिस आहे, मान वर करून उभी राहिली की चक्कर येते. दोघींचं दिवसाचं बजेट ऐंशी युरो, रेल्वे, तिकिटं, जेवण सगळं धरून. युनेस्कोच्या यादीत आठ वास्तू दिसतायत, आठही होणार नाहीत. मान न मोडता काय बघावं?

म्युनिकचा मन्या : एका दिवसात रावेन्ना म्हणजे पाप आहे. दोन रात्री राहा, गावातच चांगलं बुटीक हॉटेल घ्या, दीडशेत मिळून जाईल. आणि दुर्बीण घ्या, आठ बाय बेचाळीसची. मी घेतलीय, जर्मन आहे, स्वस्त नाही पण आयुष्यभराची वस्तू. सांत अपोलिनारे नुओवो चर्चमध्ये भिंतीच्या अगदी वरच्या पट्टीत येशूच्या गोष्टी आहेत, त्यातल्या शेवटच्या भोजनाच्या ताटात दोन मोठे मासे आहेत, ते मला दुर्बिणीतून दिसले, बाकीचे लोक नुसते माना वर करून फिरत होते.

चकलीवाली : मन्या, बजेट ऐंशी आहे रे.

जुनं खोड : सान व्हिताले चर्च सोडून काही बघू नका. ५४७ साली अभिषेक झालेलं, अष्टकोनी. एका बाजूला सम्राट जस्टिनियन लवाजम्यासह, समोर त्याची राणी थिओडोरा. तिच्या झग्याच्या काठावर बाळ येशूसाठी भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष भरलेत, म्हणजे चित्रातल्या कापडावर परत चित्र. सोनेरी तुकडे म्हणजे काचेच्या दोन थरांत सोन्याचा वर्ख, आणि ते मुद्दाम थोडे तिरपे बसवतात, म्हणून आपण चालायला लागलो की भिंत हलल्यासारखी वाटते. आम्हाला एका टूर कंपनीने सगळ्या गावासाठी पाऊण तास दिला होता, त्यातला अर्धा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. पैसे भरले ते भरले, वर गाईड म्हणतो चला चला.

गल्लीबोळ : गाला प्लाचिदिया या रोमन राणीचं थडगं बघाच, निळं छत आणि त्यावर चांदण्या. ४५० साली ती रोममध्ये वारली, आणि तिला इथे पुरलंच नसावं असं म्हणतात, पण नाव चिकटलंय. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या उजेड झिरपणाऱ्या दगडाचे पातळ पापुद्रे आहेत, आत गेल्यावर आधी काही दिसत नाही, डोळे सरावले की निळं दिसायला लागतं. पण वेळेचं बुकिंग लागतं आणि आत थोडी मिनिटंच थांबू देतात.

म्युनिकचा मन्या : थोडी मिनिटं म्हणूनच दुर्बीण.

गल्लीबोळ : अहो एवढ्याशा खोलीत दुर्बीण काय करायचीय? जमीन खचते म्हणून फरशी वर उचललीय तिथली, छत जवळच आहे.

अक्षता_के : छत जवळ म्हणजेच मान जास्त वाकडी, काकूंना ते नाही जमणार. यादीतली दोन्ही बाप्तिस्मागृहंही तशीच, चित्र घुमटात, खाली उभं राहून सरळ वर बघायचं. त्यापेक्षा हातात आरसा धरून छत बघा, साधा हातआरसा, मी केलंय आणि मस्त दिसतं.

जुनं खोड : सान व्हितालेच बघा.

कट्टेकर ७ : एवढे लांब जाता तर गॉथ या जर्मानिक टोळीचा राजा थिओडोरिक, त्याची समाधी बघा. वरचं छप्पर अखंड दगडाचं, सुमारे तीनशे टनांचं. गॉथ लोकांनी चढवलं कसं कोण जाणे.

गल्लीबोळ : तिथे मोझेक कुठे आहेत?

कट्टेकर ७ : नाहीत. पण दगड आहे. आणि गॉथांना रानटी म्हणणाऱ्यांनी थिओडोरिकची चर्चेस बघावीत.

जुनं खोड : इथे रानटी म्हणालं कोण? आणि तो एरियन पंथाचा होता, म्हणजे ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा नाही असं मानणारा. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचे लोक आल्यावर त्यांनी नुओवोतल्या त्याच्या राजवाड्याच्या मोझेकमधली माणसं काढून टाकली आणि जागी पडदे लावले.

अक्षता_के : हो, आणि खांबांवर हात राहिलेत! पडद्यातून निघालेला नुसता पंजा खांबावर, माणूस गायब. मी तिथे मोठ्याने हसले तर एका बाईंनी शुक् केलं. चकलीवाली, नुओवो तुमच्यासाठी बेस्ट. मधल्या पट्टीत एका भिंतीवर बावीस कुमारिका, समोर सव्वीस हुतात्मे, ओळीने चाललेत. लांबच लांब भिंती आहेत, समोरच्या बाजूच्या खुर्चीत बसून तिरकं बघायचं, मान फार वर करावी लागत नाही.

वसईकर पेद्रू : ताई, क्लासेचं सांत अपोलिनारे चर्च कोणी सांगितलंच नाही. गावाबाहेर सात-आठ किलोमीटर, ५४९ सालचं. समोरच्या टोकाला जो प्रसंग आहे त्याला आमच्याकडे प्रभूचं रूपांतर म्हणतात, ताबोर डोंगरावर शिष्यांना येशू तेजस्वी रूपात दिसला तो, पण इथे प्रभूच्या जागी रत्नजडित क्रूस आहे, मोशे आणि एलिया हे संदेष्टे ढगात, आणि पेत्र, याकोब, योहान या शिष्यांच्या जागी तीन मेंढरं! खाली हिरवं कुरण, त्यात संत अपोलिनारे हात पसरून. मी सुरुवातीला तीन मेंढरं नुसतीच मोजत बसलो होतो, मग बायको म्हणाली अरे हे ते तिघे. चर्च लांब आहे, सगळ्यात मागच्या बाकावर बसा, समोरच्या टोकाचं चित्र जवळपास सरळ नजरेत येतं. गर्दीही कमी.

म्युनिकचा मन्या : मागच्या बाकावरून दुर्बीण लागेलच.

नवखा प्रवासी : मी म्हणतो क्लासे बघा. मेंढ्या आहेत तिथे.

जुनं खोड : ते सांगून झालंय.

चकलीवाली : सगळ्यांचे आभार. आईला हे सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली निळं छत फोटोत बघितलंय, मला ते हात आणि मेंढरं बघायचीत. तर नुओवो आणि क्लासे, बाकी काही नाही. मधे पियादिना, म्हणजे तिथली भाकरीसारखी पोळी, खाऊ. मुक्काम बोलोन्यातच.

जुनं खोड : सान व्हिताले सोडून??? मग जाताय कशाला.

गल्लीबोळ : पाच जागांचं एकत्र तिकीट असतं, नुओवो त्यातच येतं. एकच बघून बाकीचे पैसे पाण्यात घालणार? आणि क्लासेचं तिकीट त्यात धरत नाहीत, वेगळं काढावं लागतं.

चकलीवाली : गेले तर गेले. डॉक्टरांची फी त्याहून जास्त आहे. क्लासेला बस बरी की रेल्वे?

वसईकर पेद्रू : रेल्वे. रिमिनीकडे जाणारी, पुढचंच स्टेशन, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत. परतीची वेळ आधी बघून ठेवा, चुकली तर बस आहेच. उतरल्यावर चालत थोडंच.

म्युनिकचा मन्या : बसनेच जा, आम्ही टॅक्सी केली होती.