संशोधनाचे उद्दिष्ट आधी ठरवावे काय? एमआरएनए लसीचा दाखला

कोकणकडा (धागाकर्ता):
संशोधनाला निधी देताना ‘याचा उपयोग काय आणि किती वर्षांत’ हा प्रश्न पहिल्याच पानावर विचारण्याची रीत मला घातक वाटते. करोनाची एमआरएनए लस (पेशीला विषाणूचे एक प्रथिन बनवण्याची सूचना देणाऱ्या आरएनए रेणूची लस) डिसेंबर २०२० मध्ये लोकांपर्यंत पोहोचली, तेव्हा ती वर्षभरात तयार झाली असे सांगितले गेले. वस्तुतः आरएनएतील युरिडीन या घटकाच्या जागी स्यूडोयुरिडीनसारखा बदललेला घटक घातला, तर शरीराची जन्मजात प्रतिकारयंत्रणा त्या रेणूविरुद्ध दाह उसळू देत नाही, हे कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्येच दाखवले होते. त्याआधी, १९९५ मध्ये, अनुदान मिळत नसल्यामुळे कारिको यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात खालचे पद स्वीकारावे लागले होते. पुढे २०२३ चे वैद्यकाचे नोबेल याच शोधाला मिळाले.

शलाका:
आपला दाखला आपल्याच म्हणण्याच्या विरुद्ध जातो. कारिको यांचे काम निव्वळ कुतूहलापोटी चाललेले नव्हते. आरएनएचा औषधासारखा उपयोग करायचा, हे त्यांचे ध्येय होते. शिवाय नुसता आरएनए शरीरात सोडला, तर विकरे त्याचे तुकडे करतात आणि पेशीच्या आवरणातून तो सहजी आत शिरत नाही. त्याला वाहक लागतो, आणि तो रसायनशास्त्राने घडवला: आम्लधर्मी परिसरात धनभारित होणारा, परंतु रक्ताच्या सुमारे ७.४ सामूला (पीएचला) जवळजवळ उदासीन राहणारा लिपिड, म्हणजे स्निग्ध रेणू, आणि त्याच्या जोडीला कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिड व पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) जोडलेला लिपिड. पीटर कलिस यांच्यासारखे संशोधक आणि औषध कंपन्या या मिश्रणामागे वर्षानुवर्षे लागून राहिल्या, कारण लक्ष्य समोर होते. त्यातूनच २०१८ मध्ये एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचे, अशाच लिपिड-वाहकातून दिले जाणारे पॅटिसिरान हे आरएनए-औषध अमेरिकेत मान्य झाले आणि लसीला वाहक जवळपास तयार मिळाला.

कोकणकडा:
ध्येय होते, पण ते कारिको यांचे स्वतःचे होते, निधी देणाऱ्या समितीचे नव्हे. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. आपण ज्या वाहकाचे वर्णन केले, त्याचे मूळही १९६० च्या दशकात अ‍ॅलेक बँगहॅम इंग्लंडमध्ये फॉस्फोलिपिड पाण्यात कसे वागतात हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते, त्या निरीक्षणात आहे. याउलट एचआयव्हीचे पाहा. दोनेक वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशा अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी १९८४ मध्ये व्यक्त केली. उद्दिष्ट स्पष्ट होते, पैसाही आला, तरीही मान्यताप्राप्त लस आजवर नाही.

रानजाई:
भारतापुरते बोलायचे, तर मी शलाकाताईंच्या बाजूने आहे. सुरुवातीच्या एका परदेशी एमआरएनए लसीला उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास साठवावे लागे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीला ते पेलणारे नव्हते. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या ज्या लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, ती २ ते ८ अंशांत टिकते. ही गरज कोणीतरी आधी मांडली, म्हणूनच हे काम झाले.

कोकणकडा:
गरज मांडण्याला माझा विरोध नाही, आणि आपले उदाहरण मोलाचे आहे. परंतु त्या लसीतही आधीच सापडलेले ज्ञान स्थानिक अडचणीला जुळवून घेतले गेले. २०२३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या देशातल्या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेने निधीचा ठरावीक हिस्सा उपयोगाचा प्रश्न न विचारता, केवळ कामाचा कस पाहून द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

शलाका:
तो हिस्सा किती असावा, आणि कस पाहणारे कोण, हे आपण मांडाल तर मी त्यावर सविस्तर लिहीन.