मॅग्नेटचं जॉबवर्क सोलापूरने घ्यावं की नाही?

चिंचोळीकर (धागाकर्ता)

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने रेअर अर्थ (निओडिमियमसारखे दुर्मिळ मृदा धातू) मॅग्नेटसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. देशात वर्षाला 6,000 टन सिंटर्ड (भुकटी दाबून भट्टीत भाजलेलं) मॅग्नेट बनवायची क्षमता उभी करायची, तीही जास्तीत जास्त पाच कंपन्यांनी. यातले 6,450 कोटी विकलेल्या मालावर अनुदान म्हणून मिळणार. त्या पाचांत सोलापूरचं नाव नसणार हे उघड आहे. तरीही आपल्या एमआयडीसीने जॉबवर्क घेऊन, म्हणजे कंपनीचा ठोकळा मजुरीवर कापून-घासून देऊन, या धंद्यात उतरावं, असं माझं ठाम मत आहे.

इथल्या कितीतरी शेडमध्ये इंजिनाचे कॅमशाफ्टसारखे पार्ट घासले जातात. मायक्रॉनचं माप धरणारे ऑपरेटर आपल्याकडे आहेत. इलेक्ट्रिक गाडीला कॅमशाफ्टच नसतो. तिला मोटर असते आणि मोटरीत निओडिमियम, लोखंड व बोरॉनचं मॅग्नेट. भट्टीतून निघालेला ठोकळा वायर-सॉने (तारेच्या करवतीने) कापायचा, ग्राइंडिंग करायचं, कडा मारायच्या, निकेल-तांबं-निकेल असं प्लेटिंग चढवायचं आणि अगदी शेवटी मॅग्नेटाइझ करायचं. ठोकळा ठिसूळ असतो, काम जपून करावं लागतं, पण आपल्या माणसांना जमणारं आहे.

एप्रिल 2025 मध्ये चीनने सात रेअर अर्थ धातूंवर आणि ते घातलेल्या मॅग्नेटवर निर्यात परवाना लावला. तेव्हा आपल्या वाहन कंपन्यांची काय धावपळ झाली ते सगळ्यांनी पाहिलं. मागणी आहे, सरकार पैसे घालतंय, हात तयार आहेत. आत्ता थांबलो तर हे काम पुणे-होसूरकडे जाईल आणि परत येणार नाही.

मागवाला

मालक, हात तयार आहेत हे मान्य. पण भाव कोणाच्या हातात आहे ते आधी बघा.

2010 मध्ये जपानशी बेटांवरून वाद झाला आणि चीनने रेअर अर्थचा माल अडवला. 2011 मध्ये भाव कित्येक पटींनी चढले. अमेरिकेत मोलिकॉर्पने कॅलिफोर्नियातली माउंटन पासची बंद खाण नव्याने उभी केली. मग भाव उतरले आणि 2015 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. खनिज चांगलं होतं, मशिनरी नवी होती, कंपनी बुडाली ती भावामुळे. पुढचं ऐका. निओडिमियम आणि त्याचा जोडीदार धातू प्रासिओडिमियम यांचं ऑक्साईड 2022च्या सुरुवातीला किलोला दीडशे डॉलरच्या वर होतं, 2024 मध्ये पन्नास-पंचावन्नच्या आसपास आलं. त्याच माउंटन पासच्या आताच्या मालकाला 2025 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने दहा वर्षांसाठी किलोला 110 डॉलरची हमी दिली. नुसत्या बाजारभावावर चीनबाहेर हा धंदा टिकत नाही, एवढं त्यातून कळतं. आपल्या योजनेत विक्रीवर अनुदान आहे, भावाची तशी हमी नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या माग चालले. सुताचा भाव बाहेर ठरतो, टॉवेलचा भाव निर्यातदार ठरवतो, मधला मागवाला मजुरीवर जगतो. मॅग्नेटचं जॉबवर्क घेणं म्हणजे पुन्हा त्याच जागी जाऊन बसणं. माझा विरोध आहे.

मोलॅरिटी

मी बल्क ड्रगच्या (औषधांच्या कच्च्या मालाच्या) प्लांटमध्ये सॉल्व्हंट हाताळत आले आहे, म्हणून लिहिते. तुम्हा दोघांच्याही बोलण्यात खनिजातून धातू वेगळा काढायचा मधला टप्पा सुटतोय, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आपल्याकडे निओडिमियम येतं समुद्रकाठच्या वाळूतल्या मोनाझाईट या खनिजातून. केरळात चवरा, तमिळनाडूत मनवलकुरिची, ओडिशात छत्रपूर. मोनाझाईटमध्ये थोरियम हा किरणोत्सारी धातू असतो, त्यामुळे ते अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत येतं आणि काम आयआरईएल ही सरकारी कंपनी करते. छत्रपूरला ते कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून फॉस्फेट काढतात, थोरियम बाजूला करतात आणि मिश्र क्लोराईड केरळात आलुव्याला पाठवतात. तिथे धातू एकमेकांपासून सोडवायचे. शेजारच्या दोन धातूंत रासायनिक फरक इतका बारीक, की एकदा ढवळून हाती फारसं काहीच लागत नाही. केरोसीनमध्ये मिसळलेलं सेंद्रिय आम्ल आणि धातूचं द्रावण एकत्र ढवळायचं, थर बसू द्यायचे, पुढच्या टाकीत सोडायचं. अशा शेकडो टाक्या ओळीने चालतात. ओळ एकदा सुरू केली की स्थिर व्हायलाच बराच काळ लागतो. निओडिमियम आणि प्रासिओडिमियम तर मॅग्नेटसाठी वेगळे करायच्या भानगडीत कोणी फारसं पडत नाही, जोडीनेच विकतात.

आता पैशाचं. मोनाझाईटमधल्या रेअर अर्थचा दोन-तृतीयांश भाग लँथेनम आणि सेरियम. एक तेल शुद्धीकरणाच्या कॅटॅलिस्टला लागतं, दुसरं काच पॉलिश करायला. दोन्ही स्वस्त आणि दोन्ही गरजेपेक्षा जास्त. पण निओडिमियम हवं तर तेही काढावेच लागतात. सगळ्या प्लांटचा खर्च मग त्या पाव हिश्शाच्या जोडीवर पडतो.

हिशोब करून बघा. मॅग्नेटमध्ये वजनाने साधारण 30 टक्के रेअर अर्थ असतं. 6,000 टनांना 1,800 टन धातू लागेल, घासणीतली घट वेगळी. भारताचं एकूण रेअर अर्थ उत्पादन ऑक्साईडमध्ये वर्षाला 2,900 टनांच्या आसपास. त्यातला पाव भाग कामाचा धरला तरी 700 टन. ऑक्साईडपासून वितळलेल्या क्षारात वीज सोडून धातू काढायची पायरी त्याच्याही पुढची. 69 लाख टनांचा साठा आहे, जगात तिसरा नंबर आहे, हे भाषणात ठीक. शिवाय गरम होणाऱ्या मोटरीच्या मॅग्नेटला डिस्प्रोशियम किंवा टर्बियम थोडं तरी घालावं लागतं. आपल्या मोनाझाईटमध्ये ते नावालाच आहे. जगाला ते मुख्यतः दक्षिण चीन आणि म्यानमारच्या मातीतून मिळतं. चीनने एप्रिल 2025 मध्ये ज्या सात धातूंवर परवाना लावला त्यांत हे दोघं होते, निओडिमियमला हात लावला नाही. त्यांना नस बरोबर माहीत आहे.

चिंचोळीकर, तुमच्या शेडमध्ये ठोकळा नियमित येईल याची खात्री काय? वायर-सॉचे हप्ते तर दर महिन्याला जाणार.

वाइंडिंगवाला

ताई, ठोकळा येईल तेव्हा येईल. मॅग्नेट आमच्या दुकानात रोज येतंय.

इलेक्ट्रिक स्कूटरची हब मोटर उघडली की रिमच्या आतल्या अंगाला चकचकीत पट्ट्या चिकटवलेल्या असतात. चिखल-पाणी आत गेलं की कडेचं प्लेटिंग फुगतं. नखाने उचकटलं तर खालचा मॅग्नेट काळ्या भुकटीसारखा हातात येतो. तसली पट्टी बदलायची तर मुंबईहून लोहार चाळीतून मागवायची, तीही चीनची. जुनी भंगारात जाते, भंगारवाला लोखंडाच्या भावाने घेतो आणि रिमसकट भट्टीत घालतो. मग निओडिमियम गेलं स्लॅगमध्ये, म्हणजे भट्टीच्या मळीत. गावोगावी हेच चाललंय. जॉबवर्क घ्या नाहीतर नका घेऊ, पण जुन्या मोटरी गोळा करून मॅग्नेट वेगळे काढायचं काम आधी सुरू करा. त्याला सरकारची वाट बघायला नको.

उजनीचं पाणी

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात निकेल प्लेटिंगची लाइन काढायची? धुवायला पाणी कुठलं आणि धुतलेलं जाणार कुठे? डाइंगचं रंगीत पाणी अजून नाल्यांत दिसतं. आधी सांडपाण्याचं सामायिक प्रक्रिया केंद्र नीट चालवून दाखवा, मग पुढचं बोला.

चिंचोळीकर

पाण्याचा मुद्दा रास्त आहे. त्यावर माझं उत्तर असं: कापणी-घासणी इथे करू, प्लेटिंग जिथे सोय आहे तिथे पाठवू. सगळं एकाच शेडमध्ये झालं पाहिजे असं नाही.

मोलॅरिटीताईंचा हिशोब बरोबर आहे, पण त्यातून मी उलटा निष्कर्ष काढतो. धातू अपुरा आहे, म्हणजे वाया जाणाऱ्या प्रत्येक ग्रॅमला किंमत आहे. ठोकळ्याचा पाव भाग तरी घासणीत जातो, लहान आणि वाकड्या आकारात त्याहून जास्त. त्या काळ्या गाळात रेअर अर्थचं प्रमाण मोनाझाईटच्या तोडीचं नसलं तरी थोरियमची कटकट नाही आणि लँथेनम-सेरियमचं ओझं जवळपास नाही. चीनमध्ये असा गाळ गोळा करून त्यातून पुन्हा ऑक्साईड काढायचा मोठा धंदा आहे. वाइंडिंगवाल्यांच्या जुन्या पट्ट्या आणि आपला गाळ मिळून इथे संकलन केंद्र उभं राहू शकतं. त्यासाठी शेकडो टाक्यांची ओळ आपल्याकडे लागत नाही, ती आलुव्याला आहेच.

मागवाला

आता मुद्द्यावर आलात. मग एवढंच सांगा, गाळ कोणाचा?

जॉबवर्कमध्ये ठोकळा कंपनीचा असतो. कंपनी तुम्हाला किलोवर किंवा नगावर घासणीची मजुरी देईल आणि गाळ वजन करून परत नेईल. तुम्ही म्हणता ती किंमत सगळी तिच्या खिशात जाईल. वर घट जास्त आली तर तुमच्या बिलातून कापेल. मागावरच्या वेस्टचं हेच झालं. करारात गाळाचा हिस्सा, चीनच्या भावाशी बांधलेला दर आणि महिन्याचा किमान माल या तिन्ही गोष्टी लिहून मिळणार नसतील तर एकाही पोराने कर्ज काढू नये.

चिंचोळीकर

किमान माल मी नक्की मागेन. गाळाचा हिस्सा कंपनी देणार नाही, कारण धातूची तंगी तिलाही आहे. पण म्हणून काम सोडायचं हे मला पटत नाही. दहा-बारा शेडवाल्यांनी मिळून एकच करार केला तर घटीची मर्यादा तरी ठरवून घेता येईल. एकेकट्याने गेलो तर मागवाला म्हणतात तसंच होईल.

मागवाला

एकत्र जाणार असाल तर बैठकीला मी येतो. करार वाचायला येईन, सही करायला नाही.

मोलॅरिटी

बैठक घेणार असाल तर एक गोष्ट आधीच लिहून ठेवते. या घासणीचा गाळ सुका ठेवला तर आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून तो ओला ठेवतात. ओल्या गाळातून हळूहळू हायड्रोजन सुटतो, त्यामुळे झाकण घट्ट लावलेलं पिंपही चालत नाही. संकलन केंद्र म्हणजे ही पिंपं ठेवायला हवा खेळती असलेली वेगळी शेड आणि प्रदूषण मंडळाची परवानगी. हा खर्च जॉबवर्कच्या दरात धरलाय का, ते कंपनीला पहिल्याच दिवशी विचारा.